दोन-तृतीयांश बहुमत

बुधवार, २ सप्टेंबर १९७०. रात्रौ ९.१०
आजपासून रोजनिशी नियमित लिहिणार. मागील रोजनिशी १४ फेब्रुवारीस खंडित झाली. कारण शाई.
आमच्या रेडिओ श्रोता संघाची साप्ताहिक बैठक आमच्या ओसरीवर यथासांग पार पडली. सभासद अकरा, उपस्थिती अकरा. कार्यवाह या नात्याने रेडिओ ७.५८ लाच लावला. व्हॉल्व्ह तापावयास दोन मिनिटे लागतात, हे श्रीरामपुरात माझ्याखेरीज कोणी लक्षात घेत नाही. सिलोन केंद्राच्या क्रमवारीत सलग चौथ्या आठवड्यात पहिल्या क्रमांकावर ते शिट्टीचे गाणे. त्याचे नाव मी या वहीत लिहिणार नाही. दोन गिटारी, एक शिट्टी, मध्येच ‘हेऽ हेऽ’ अशी आरोळी, काव्य शून्य. माझे आवडते संथ विरहगीत नवव्यावरून तेराव्यावर घसरले. देशाच्या अभिरुचीविषयी चिंता वाटते.
रंगनाथ (रेल्वेचा पार्सल क्लार्क, वय ३४) म्हणाला, गाणे पायाला कळले पाहिजे. मी म्हणालो, पाय हे श्रवणेंद्रिय नव्हे. तो म्हणाला, मग तुमचा का हलत होता? मुंग्या आल्या होत्या, असे मी स्पष्ट केले.

बुधवार, ९ सप्टेंबर
बैठकीस गोरक्षनाथ बँडमास्तर आला होता. सभासद नाही, नेहमीप्रमाणे पायरीवर बसला. त्याच्या बँडात बारा माणसे. कोणालाही स्वरलिपी येत नाही. रेडिओवरचे गाणे गोरक्षनाथ कानाने उचलतो, क्लॅरिओनेटवर बसवतो आणि मग एकेकाला शिकवतो. तुळशीच्या लग्नानंतर सीझन सुरू. म्हणाला, “साहेब, तवर माझ्या गड्यांच्यानं एकच नवं गाणं बसतंय. चुकीचं धरलं तर सीझन गेला. त्या संगमनेरच्या बँडानं तर ढकलगाडीवर भोंगा बसवलाय. कोणतं धरू, ते तुमी सांगा. तुमी बी.कॉम. हाय.”
रंगनाथ म्हणाला, त्यात सांगायचे काय, शिट्टीचे धर. मी म्हणालो, एका बारा माणसांच्या बँडाचे भवितव्य पार्सल ऑफिसच्या लहरीवर सोडता येणार नाही. रीतसर गुप्त मतदान होईल. गोरक्षनाथाने हात जोडले.
सभासदांचा विवेक जागा होईल, अशी खात्री आहे.

बुधवार, १६ सप्टेंबर. रात्रौ ९.४०
मतदान शिस्तीत. चिठ्ठ्या बिस्किटांच्या डब्यात. मोजणी मी आतल्या खोलीत एकट्याने केली, म्हणजे दबाव येत नाही.
शिट्टीचे गाणे: ९. संथ गाणे: २.
तथापि निव्वळ संख्या म्हणजे निकाल नव्हे. छाननी आवश्यक होती. तीन चिठ्ठ्या पेन्सिलीने लिहिलेल्या आढळल्या, बाद. दोहोंवर भज्यांच्या तेलाचा डाग, त्यामुळे गोपनीयता भंग, बाद. एकीची घडी दोनऐवजी चार वेळा. एकीवर ‘लई भारी’ असा अनाहूत मजकूर. एकीवर नावाखाली रेघ, म्हणजे प्रचार. एकूण आठ बाद. उरलेल्या तीन वैध मतांपैकी दोन संथ गाण्यास.
बाहेर येऊन “संथ गाणे, दोन-तृतीयांश बहुमताने” एवढेच जाहीर केले. हे वाक्य शब्दशः खरे आहे. प्रत्येक जण दुसऱ्याकडे पाहत होता. एक सभासद म्हणाला, “च्यायला, बाकीच्यांनी मतं फिरवली काय?” गोरक्षनाथ मात्र उठून माझ्या पाया पडला. म्हणाला, “आकडा बोलला, आता मागं बघायचं काम न्हाई.”
जेवण कमी गेले. वांगी जून असावीत.

गुरुवार, १७ सप्टेंबर
मन स्वच्छ. चिठ्ठ्या बंबात जाळल्या. जागा अडत होती.

सोमवार, ५ ऑक्टोबर. सायं. ६.३०
तेलाच्या घाण्यामागे बँडाची तालीम चालते. वारा आमच्याकडे असला की ओसरीवर सगळे ऐकू येते. पहिली ओळ गोरक्षनाथाने इतकी गोड काढली की मी डोळे मिटले. मी एका कलावंताचे कल्याण केले आहे.
सौ. पुष्पावती म्हणाल्या, “कोण गेलं हो?”

मंगळवार, २० ऑक्टोबर
गोरक्षनाथ बाजारात भेटला. अडचण एकच सांगितली: ढोलवाला भिमाजी ऐकत नाही. गाण्यात त्याला दर आठ मात्रांनी एक टोला, तेवढ्यात त्याला डुलकी लागते. म्हणतो, मला काहीतरी काम द्या, न्हाईतर मी ऊसतोडीला जातो. मी सांगितले की संयम हाच वादनाचा प्राण. गोरक्षनाथाने ते तोंडपाठ केले, भिमाजीला सांगण्यासाठी.
त्याच्या चेहऱ्यावरचा विश्वास पाहून भाजी न घेताच घरी परतलो. पिशवी विसरलो होतो.
संकल्प: पुढच्या बैठकीत छाननीचे तपशील सभासदांपुढे ठेवायचे. लपवण्यासारखे काही नाहीच.

बुधवार, २१ ऑक्टोबर
तपशील ठेवता आले नाहीत. कार्यक्रमपत्रिकेवर विषय नव्हता.

बुधवार, २८ ऑक्टोबर
विषय क्र. ४ म्हणून घातला. विषय क्र. ३ (चहात साखर) लांबला.

बुधवार, ४ नोव्हेंबर
दिवाळीनिमित्त उपस्थिती कमी. एवढ्या गंभीर बाबीस पूर्ण गणसंख्या हवी.
शिट्टीचे गाणे अद्याप पहिले. संथ गाणे क्रमवारीतून बाहेर पडले. बाहेर पडलेली गोष्टच चिरंतन ठरते.

बुधवार, १८ नोव्हेंबर
ते दुसरे वैध मत कोणाचे, हा विचार मला दोन महिने धीर देत होता. या गावात माझ्यासारखा आणखी एक रसिक आहे, असे मी धरून चाललो होतो. आज चहाच्या वेळी सहज विषय काढला. रंगनाथ म्हणाला, “अहो, मीच लिहिलं ते. मला वाटलं, कोणतं गाणं काढून टाकायचं ते लिहायचंय.”
म्हणजे संथ गाण्यास एकूण मते: एक.
गोरक्षनाथास आजच सांगितले पाहिजे. परंतु पहिले लग्न आठ दिवसांवर आले. या क्षणी सांगणे म्हणजे कलावंताचे मनोधैर्य खच्ची करणे. ते पाप मी करणार नाही.

गुरुवार, २६ नोव्हेंबर. दुपारी ४.००
नोंद तंतोतंत करतो.
वर कर्जतकडचा. मुहूर्त १२.३५. नवरदेव मारुतीच्या पाया पडून ११.४० ला मांडवाकडे निघाला. अंतर दोनशे पावले. बँडाने संथ गाणे धरले. नवरदेवाचे मित्र हातरुमाल काढून नाचायच्या तयारीने उभे होते. ते उभेच राहिले. एकाने दोन पावले टाकून पाहिली, तर तिसऱ्या पावलाला ताल आलाच नाही. घोडा थांबला. नवऱ्याच्या आत्याला तिचे वारलेले यजमान आठवले, ती रस्त्यातच बसली आणि रडू लागली. तिला पाहून आणखी चौघी रडू लागल्या.
नवऱ्याचा मामा पुढे येऊन ओरडला, “ओ मास्तर! नवरा लग्नाला चाललाय, पोचवायला न्हाई!”
गोरक्षनाथाने क्लॅरिओनेट तोंडातून न काढता गर्दीत मला शोधले. मी चपलेचा अंगठा नीट करीत होतो.
नवरदेव मांडवात १२.५८ ला पोहोचला. संध्याकाळच्या वरातीसाठी संगमनेरच्या बँडाला माणूस गेला आहे.

शनिवार, २८ नोव्हेंबर
गोरक्षनाथ स्वतःच घरी आला. मला वाटले, जाब विचारणार. उत्तर तयार होते. परंतु तो म्हणाला, “साहेब, वाईट वाटून घेऊ नका. कर्जतकडच्यांना कळत न्हाई. तुमच्या माणसांनी निवडलंय म्हंजे खोटं कसं असंल?” पुढची तीन लग्ने त्याच्या हातून गेली. भिमाजी ढोल त्याच्या दारात ठेवून ऊसतोडीच्या टोळीबरोबर निघून गेला.
त्याने शिवी दिली असती तर बरे झाले असते.
सौ.ने त्याला चहा दिला. तो गेल्यावर म्हणाल्या, “एवढ्या साध्या माणसाला तुम्ही काय सांगितलंत?” मी म्हणालो, आकडे. त्या म्हणाल्या, “तुमचा चेहरा आकड्यासारखा दिसत नाहीये.”
संकल्प: उद्या सकाळी ८.०० वाजता कबुली.

रविवार, २९ नोव्हेंबर
८.०० ला निघालो. घाण्याजवळ पोहोचताच क्लॅरिओनेट ऐकू आली. एकटाच वाजवत होता. तेच गाणे. बहुधा आपलेच काही चुकते, असे समजून पुन्हा पुन्हा पहिली ओळ घासत होता. कलासाधनेत व्यत्यय नको म्हणून परत फिरलो.
आता ऑफिसला रेल्वे फाटकाकडून जातो. सतरा मिनिटे जास्त लागतात. चालणे प्रकृतीस उत्तम.

मंगळवार, ८ डिसेंबर
मिशनकडचे वृद्ध शिक्षक शांतवन गुरुजी वारले, वय ८८. त्यांच्यात अंत्ययात्रेला बँड असतो. दुसरा कोणी मोकळा नसल्याने गोरक्षनाथाला बोलावणे आले. गुरुजींच्या मुलीने सांगितले, संथ काहीतरी वाजवा.
मी रस्त्याच्या कडेला उभा होतो. असे वादन या गावाने ऐकले नसेल. दुकानदार फळीवरून उतरून उभे राहिले. रंगनाथानेसुद्धा टोपी काढली. तिथे प्रत्येक सूर जागेवर पडत होता. मला रडू आले. त्यातले किती गुरुजींसाठी होते, हे सांगता येत नाही.

रविवार, १३ डिसेंबर
पाच दिवसांत गोरक्षनाथाला आणखी दोन अंत्ययात्रा. एक बेलापूरला, नव्वदी पार केलेल्या लंकाबाईंची; पणतवंडेही चालत होती. सौ.ला म्हणालो, बघा, शेवटी निवड योग्यच ठरली. त्या म्हणाल्या, “हो. तुमचं गाणं कुणासाठी आहे, ते एकदाचं कळलं.”
दाढी करताना मी शिट्टी वाजवीत होतो, असे सौ.चे म्हणणे आहे. मधल्या ‘हेऽ हेऽ’सकट. चूक कबूल. ते गाणे मला जुलैपासून पाठ आहे.

बुधवार, १६ डिसेंबर. रात्रौ १०.००
विषय क्र. १: कबुली. गणसंख्या पूर्ण. पायरीवर गोरक्षनाथ. पण आधी त्यालाच सभासदांना काही विचारायचे होते. म्हणाला, “साहेब, लग्नाला आता कोणीच बोलवत न्हाई. रस्त्यानं चाललो तर लोक मला बघतात अन् मग घरातल्या म्हाताऱ्याकडं बघतात. माझ्याच मेव्हण्यानं लेकीच्या लग्नाला संगमनेरचा बँड सांगितला. म्हणतो, तू नुसता जेवायला ये. वाजव्या माणसाला नुसतं जेवायला ये म्हणतो. माझं काय चुकलं, तेवढं सांगा.”
मी उभा राहिलो. छाननीचा शब्द न वापरता सांगितले. नऊ विरुद्ध दोन. आठ चिठ्ठ्या मी बाद केल्या, पेन्सिल, डाग, घडी अशा कारणांनी. संथ गाण्याच्या दोनांतले एक मत रंगनाथाने चुकून दिलेले.
रंगनाथ म्हणाला, “चार घड्या घातल्या म्हणून माझ्या शेजाऱ्याची चिठ्ठी बाद?” गोरक्षनाथाने त्याला हाताने गप्प केले. मला विचारले, “म्हंजे हे गाणं सबंध गावात एकट्या तुमालाच पसंत हुतं व्हय?”
होय, म्हणालो.
तो म्हणाला, “माझा सीझन गेला साहेब. भिमाजी गेला. ते आता येत न्हाई. वैशाखाला मी शिट्टीचं बसवीन, तुमाला न विचारता.” मी मान डोलावली. तो पुढे म्हणाला, “पर हे गाणं आमी सोडणार न्हाई. आवडीचं माणूस एकच हाय, त्याला इसरून कसं चालंल? तुमच्या वेळेला हेच वाजवू. सबंध बँड, लाल ड्रेस, फुकट.”
दुसऱ्या कडव्याआधीचा क्लॅरिओनेटचा तुकडा गाळू नये, एवढी विनंती केली. न्हाई गाळणार, म्हणाला. मग खिशातून ऑर्डरींची वही काढली, कोरे पान उघडले, पेन्सिल जिभेला लावली आणि माझ्याकडे पाहून विचारले, “तारीख?”
पंचांग पाहून कळवतो, असे मी म्हणून बसलो.