माझ्या फोटोचं कार्ड

दादा,
तू झोपला होतास म्हणून उठवलं नाही. आई खिडकीपाशी बसली आहे. चित्रांची कार्डं तिच्या मांडीवर आहेत. तिने पेल्याचं दिलं की पाणी हवंय, शालीचं दिलं की थंडी वाजतेय.

सकाळी तिने मला माझ्याच फोटोचं कार्ड दिलं. म्हणजे, हिला बोलाव. मी म्हटलं, "अगं, मीच ती!" तिने मान हलवली आणि कार्ड पुन्हा पुढे केलं. शेवटी बाहेर गेले, दार ओढून घेतलं, बेल वाजवली आणि आत आले.

"आलीस बाई एकदाची!" म्हणाली. किती दिवसांनी अख्खं वाक्य, दादा! मग कानाशी लागून, "ती बाई मनापासून करते गं माझं. पण आता तिला घरी पाठव. तिचीही आई वाट बघत असेल."

यातली मी कोणती, मला कळत नाही. (कोणती असावं, तेही नाही.) पण कोणीतरी घरी जायला हवं, म्हणून चपला घालून निघालेय. कोपऱ्यापर्यंतच जाईन.

परत आले की बेल वाजवीन. किल्ली आहे माझ्याकडे. तरी दार आईलाच उघडू दे.

छोटी