चित्रं वगळून

९ फेब्रुवारी २००२, शनिवार

चित्रं काढून टाकली! चित्रांच्या पुस्तकातली चित्रं काढून टाकली आणि वर हसत हसत सांगतायत — मॅडम, काम हो गया.

सकाळी कॉलेजात पोचले तर टेबलावर तीस संच. स्टेपल मारलेले, दोन-दोन पानी. वाटलं कसलं तरी सर्क्युलर असेल. वाचायला घेतलं तर चित्रपुस्तकांच्या कोर्सला लावलेलं माझं खलाशाचं इंग्रजी पुस्तक! म्हणजे त्यातली फक्त वाक्यं. ओळीने टाइप केलेली, वर नंबर घालून. एक — प्रिय आई, मी मजेत आहे. दोन — इथे खायला भरपूर आहे. तीन — माझी खोली मोठी आणि हवेशीर आहे.

आणि चित्रं? ज्यात तो बोटीच्या तळाशी, गुडघे पोटाशी घेऊन, एका बिस्किटाचे दोन तुकडे करतोय — एक स्वतःला, एक उंदराला — ते चित्र? नाही. वादळाचं? नाही. सगळं पुस्तकच त्या फटीत आहे. तो लिहितो एक आणि दिसतं दुसरंच. ती फटच बुजवून टाकली यांनी.

झेरॉक्सवाल्या अजीजकडे तणतणत गेले. तो बिचारा खुशीत. समुद्राची पानं काळीकुट्ट येत होती म्हणे, टोनर खलास होत होता. म्हणून त्याने घरी नेऊन स्वतः टाइप केलं, सुट्टीच्या दिवशी. "फोटो सब निकाल दिया मॅडम, अब दो पेज में पूरा किताब." त्याच्यावर काय ओरडणार? शुक्रिया म्हणाले आणि दात-ओठ खात परत आले.

१० फेब्रुवारी, रविवार

इथे आखातात रविवार कामाचाच; नूरुद्दीन सरांना भेटले. विभागप्रमुख. अदब म्हणजे अशी, की माणूस भांडायला जातो आणि चहा पिऊन येतो. आज चहा घेतला नाही.

जूनपासून मागतेय — पुस्तकाच्या पंधरा प्रती घ्या, दोघींत एक. पंचेचाळीस दिरहमचं पुस्तक, म्हणजे सहाशे रुपये धरा. जाड कादंबऱ्या तेवढ्याच किमतीला येतात तेव्हा कुणी हूं की चूं करत नाही. सर म्हणाले, कादंबरीत तीनशे पानं असतात, यात बत्तीस. वजनावर घेतात का हे साहित्य? रद्दीवाल्यासारखं?

मग हळूच मुद्द्यावर आले. पालक विचारतायत. थर्ड इयर बीएच्या मुली घरी बालवाडीची पुस्तकं आणतात, फी कशाची भरतो आम्ही? "सुनेत्राजी, ये युनिव्हर्सिटी है, नर्सरी नहीं." आवाज मऊ. डोक्यात तिडीक गेली माझ्या. अकरा वर्षं शिकवतेय इथे. शोकांतिका शिकवली, महाकाव्य शिकवलं, तेव्हा कुणाच्या वडिलांनी फोन केला नाही.

१२ फेब्रुवारी, मंगळवार

अजून राग गेलेला नाही. भाजी करपवली.

१६ फेब्रुवारी, शनिवार

आज ते दोन पानी संच मुद्दामच वाटले. म्हटलं, बघू या काय होतंय. मुलींनी पाच मिनिटांत वाचून संपवले आणि पेनं काढली. अजराने हात वर केला — हुशार मुलगी, हैदराबादची, जन्म मात्र इथलाच — आणि विचारलं की परीक्षेत यावर काय येणार? पाच मार्क की दहा? दुसरी म्हणाली, थीम आहे आईवरचं प्रेम. तिसरीने 'समुद्र हे जीवनाचं प्रतीक' लिहूनही टाकलं होतं. समुद्र दिसला कुठे हिला?

मग माझी एकुलती एक प्रत काढली. अठ्ठावीस जणींना टेबलाभोवती उभं केलं, काहींना खुर्चीवर चढवलं. एक अक्षर बोलले नाही. फक्त पानं उलटत गेले, सावकाश. पान उलटायच्या आधी थांबायचं, हे मी कधी कुठे शिकले नाही, पण त्या पुस्तकाने शिकवलं.

पहिल्यांदा हसल्या. मग हसू कमी झालं. शेवटून दुसऱ्या पत्रात तो लिहितो, 'आम्ही दोघंही मजेत आहोत.' अजरा वाकली. तिची ओढणी पानावर आली, ती तिने बाजूला केली.

"मॅम," ती म्हणाली, "उंदीर कुठाय?"

नव्हता. चित्रात खलाशी एकटाच. बेल झाली तरी कुणी हललं नाही! ही परीक्षेला किती मार्कांचं ते विचारणारी पोरगी! मला नाचावंसं वाटत होतं. नाचले नाही, हजेरी घेतली.

१८ फेब्रुवारी, सोमवार

कागद आला. 'अभ्यासक्रम पुनर्विचार समिती, ६ मार्च, सकाळी दहा.' माझ्या एकटीच्याच कोर्सचा पुनर्विचार. समितीत तिघं, अध्यक्ष नूरुद्दीन सर.

संध्याकाळी सरांनी बोलावून तोडगा सांगितला. कोर्स ठेवू, पण 'टेक्स्ट-बेस्ड'. चित्रं पाहिजे तर परिशिष्टात, ऐच्छिक. अजीजच्या कागदांचं पॅम्फ्लेट छापू, कॉलेजच्या नावाने. त्यांना खरंच वाटत होतं की ते माझ्यावर उपकार करतायत. नाही म्हटलं तर पुढच्या टर्मपासून कोर्स बंद. विचार करून सांगते म्हणाले. कसला विचार? तिथेच नाही म्हणायला हवं होतं.

२३ फेब्रुवारी, शनिवार

ईदची सुट्टी. अल मजाजच्या तळ्यावर माणसांची जत्रा, पार्किंग मिळेना म्हणून अर्ध्यातून परत आलो. चौदाव्या मजल्यावर बसून मी उल्हासला तेच तेच ऐकवतेय — अक्षरांचा माज, चित्रांना खालची जात समजायची, मुलाच्या हातातून चित्र काढून घेतलं की त्याचा डोळाच काढून घेतला, वगैरे. उल्हास पेपरातून मान वर न काढता हं हं करत होता.

तेवढ्यात आतून अस्मी. सोळा वर्षांची झाली, मराठीत विचारा, इंग्लिशमध्ये उत्तर. "दॅट्स रिच, कमिंग फ्रॉम यू."

म्हटलं, मी हे बोलू नये? काय म्हणायचंय तुला? "नथिंग." आणि कानात वॉकमन. ही भाषा आईशी? मी तिच्या वयाची असताना आईसमोर — जाऊ दे. मराठी अक्षर वाचता येत नाही कार्टीला. 'क' आणि 'फ' मध्ये गोंधळते अजून. आणि मला टोमणे मारते.

१ मार्च, शुक्रवार

उल्हास म्हणाला, कोर्स राहतोय ना? मग चित्रं राहू दे बाजूला. घे सही करून. खलास. इथे कॉन्ट्रॅक्टवर आहोत, प्रत्येक गोष्टीला छातीचा कोट कशाला करायचा!

मी पुस्तक त्याच्या ताटाशेजारी ठेवलं. बघ म्हटलं. कंपनीचे नकाशे बघणारा माणूस, त्याने जेवता जेवता उलटलं. तिसऱ्या पत्रावर हात थांबला. बोटीचा तळ, एकावर एक फळ्या, आणि वाक्य — माझी खोली मोठी आणि हवेशीर आहे.

सत्याऐंशी साली हा इथे एकटा आला होता. सातवा नावाच्या वस्तीत एका खोलीत आठ जण. ते मला नंतर कळलं, आल्यावर. पत्रात काय लिहायचा? रूम मोठी आहे, एसी आहे, काळजी करू नकोस.

"मी पण असंच लिहिलं होतं, ना?" म्हणाला. मग हात धुवायला उठला तो बराच वेळ बेसिनपाशीच होता. परत आल्यावर सही करून टाक म्हणाला नाही.

४ मार्च, सोमवार

सरांना सांगून आले — चित्रांशिवाय कोर्स नाही. बंद करायचा तर बंद करा. त्यांनी चष्मा पुसला. म्हणाले, ठीक आहे, समितीला पटवा. हे इंग्रजी पुस्तक तर परक्यांचं फॅड वाटेल. आपल्या भाषांतलं काही असेल तर आणा, दाखवा.

आहे ना! बाबा पुण्याहून पाठवायचे ती अस्मीची पुस्तकं. बेडखालच्या बॅगेत असणार. उद्या काढते. सापडू दे फक्त, समितीच्या नाकावर टिच्चून दाखवीन.

५ मार्च, मंगळवार

सापडलं.

हत्तीच्या पिल्लाचं. बाबांच्या अक्षरात 'चि. अस्मीस, पाचव्या वाढदिवसाला'. म्हणजे ९१. पहिलं पान उघडलं — वर ब्राऊन पेपरचा चौकोन. खाली दोन ओळी. दुसरं पान, ब्राऊन पेपर. तिसरं. चोवीस पानं, चोवीस चौकोन. वह्यांना कव्हर घालायचा तो कागद, पट्टीने आखून कापलेला, चारी बाजूंनी सेलोटेप. टेप पिवळी पडलीय.

कुणी केलं हे, असं एक क्षण खरंच वाटलं मला. मग कडा बघितल्या. इतक्या सरळ कडा या घरात एकच माणूस कापतं.

आठवलं. अस्मी वाचायचीच नाही. चित्र बघून ठोकून द्यायची — 'हत्तीला थंडी वाजतेय'. लिहिलेलं असायचं, गजू नदीवर गेला. मी चिडायचे. थंडी कुठे लिहिलीय, दाखव! अक्षराला बोट लाव! चित्रं बघत बसू नकोस! म्हटलं, झाकूनच टाकते, म्हणजे नीट वाचेल. परदेशात मराठी टिकवायची होती ना मला. दोन महिन्यांत तिने पुस्तकाला हात लावायचं सोडलं. मी म्हटलं, पोरीला वाचनाची आवडच नाही.

अजीजने निदान टोनर संपत होता म्हणून केलं. मी कशासाठी केलं? लोका सांगे ब्रह्मज्ञान! अकरा वर्षं मी तिच्या नावाने बोटं मोडतेय, मराठी येत नाही म्हणून. लाज वाटली. स्वतःचा इतका राग आला की बॅग लाथेने बेडखाली ढकलली आणि पायाला लागलं.

कागद उचलून बघायची हिंमत झाली नाही. आहे तसं पर्समध्ये टाकलंय. उद्या हेच दाखवणार.

६ मार्च, बुधवार

समितीपुढे पुस्तक ठेवलं. तिघांनी पानं उलटली. नूरुद्दीन सरांनी विचारलं, "ये किसने किया?" मी म्हटलं, "मैंने. अपनी बेटी के लिए." पुढे भाषण तयार होतं. ते करता आलं नाही, कारण सर एका चौकोनाच्या कडेला नखाने हळूच टोकरत होते आणि कागद उघडला.

तीन बाजू केव्हाच्या सुटलेल्या. नुसत्या दाबून बसवलेल्या. चौथ्या बाजूला आतून दुसरी टेप, वेडीवाकडी, लहान हातांनी लावलेली, म्हणजे कागद दारासारखा उघडावा आणि परत लागावा. चोवीसची चोवीस पानं. आत चित्रांवर बोटांचे डाग, नुसते डाग. नदीवर गजू खरंच कुडकुडत होता.

सर कितीतरी वेळ एकेक दार उघडत होते, लावत होते. मग म्हणाले, खलाशाच्या पंधरा प्रतींची मागणी लिहून द्या. मी लिहून दिली. आनंद वगैरे काही झाला नाही.

घरी येऊन अस्मीसमोर पुस्तक ठेवलं. विचारलं, मला सांगितलं का नाहीस?

वॉकमन काढून तिने माझ्याकडे बघितलं. आणि मराठीत बोलली. "तू ओरडली असतीस."

ओरडलेच असते.