पहिला थेंब

सर, परळच्या त्याच अ‍ॅलर्जी ओपीडीत मी आता तुमच्या खुर्चीवर बसते आणि रेसिडेंटना शिकवते. आज दुपारी एका मावशींचा कागद सहीला आला. कोळंबी खाल्ली की त्यांचे ओठ सुजतात. माझ्या रेसिडेंटने त्यांच्या हातावर थेंब टाकून टोचलं, काहीच उठलं नाही, म्हणून तिने लिहिलं, ‘अ‍ॅलर्जी नाही. कोळंबी खायला हरकत नाही.’ मावशी घरी गेल्याही होत्या. मी पहिल्या थेंबाची नोंद बघितली. तो हिस्टामिनचा, कुणाच्याही हातावर गांध उठवणारा. तिथेही शून्य. म्हणजे कुठल्यातरी गोळीने गांध दाबली असणार, टेस्टच फुकट गेली होती. “सर्दीची गोळी घेतली होती का, विचारलंस?” मुलगी पांढरीफटक पडली.

हीच चूक मी तुमच्याकडे शिकताना केली होती. शेंगदाण्याने श्वास कोंडणारे गिरणीतले एक काका होते. तुम्ही आवाज चढवला नाहीत. “डॉक्टर, टोचून झालं की बघायचंही असतं,” एवढंच म्हणालात. काकांकडे फोन नव्हता. “डिलाईल रोडला चालत जा. कारण सांगू नकोस, चूक सांग.” मी चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर उभी आहे, काकू पदराने खुर्ची पुसतायत, आत चहा उकळतोय. काका विचारतात, “काय झालं, डॉक्टरीणबाई? स्वतः आलात?” मी परतले तेव्हा तुम्ही विचारलंत, “सांगितलंस?” मी म्हटलं, “हो सर.” हातावर उठलेल्या गांधींभोवती रेघ मारायचं तुमचं पेन तुम्ही खिशातून काढून मला दिलंत. रिफिल बदलत मी ते इतकी वर्षं वापरलं.

आज फोन होता. तो त्या मुलीनेच लावला. स्पीकरवर आधी कढईचा आवाज आला.

“मावशी, जेवलात?”

“बसतेच आता. का गो?”

“कोळंबी खाऊ नका. माझी चूक झाली. गोळीचं मी विचारलंच नाही, टेस्टही नीट बघितली नाही.”

“अगो बाई! ताट वाढलंय की!” ताट सरकवल्याचा आवाज आला. “बरं. ह्यांना घालते सगळी. खाऊ देत, सकाळपासून वास घेत फिरतायत.”

सर्दीची गोळी चालू असेल तर ती बंद करून पुढच्या आठवड्यात या, पुन्हा टेस्ट करू, असं तिने सांगितलं. फोन ठेवेपर्यंत तिने माझ्याकडे मदतीसाठी एकदाही बघितलं नाही. मी तुमचं पेन तिच्या एप्रनच्या खिशाला लावलं.

हे पत्र साध्या बॉलपेनने लिहितेय, आणि ते माझ्या टेबलाच्या खणातच राहील. सर, त्या दिवशी काकांना मी म्हटलं होतं, “टेस्टचं औषध खराब निघालं.” त्या मुलीला हे उद्या सांगणार आहे. तुम्हाला सांगायला मात्र उशीर झाला.