निमसेच्या भाईविरुद्ध माझे भाषण

३ फेब्रुवारी २००२
ऑफिसात शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या जयराम निमसेची सातवी कादंबरी आली. 'बंदराचा वाघ'. नायक पुन्हा तोच, लखनभाई. सकाळी खून करतो, दुपारी विधवांना शिलाई मशीन वाटतो, संध्याकाळी आईच्या पाया पडतो. निमसे स्वतः मुंबईच्या दिशेला वर्षातून एकदा जातो, तेही कल्याणपर्यंत, मेहुणीकडे.
हेवा नाही. नोंद म्हणून लिहिलं.

५ फेब्रुवारी
एकलहऱ्याच्या पॉवर स्टेशनात आम्ही दोघं स्टोअर्सला. मी सोळा वर्षं, तो अकरा. साहेब आज जवळ येऊन म्हणाले, काय लेखक, काय चाललंय. मी नम्रपणे उठून उभा राहिलो. ते निमसेला विचारत होते.
माझे वैचारिक लेख आजवर तीनदा छापून आले आहेत. त्यातला एक पूर्ण.

९ फेब्रुवारी, सकाळी ८
'बंदराचा वाघ' माझ्या घरात. मीनाच्या हातात, वाचनालयाची प्रत. गॅसवर दूध उतू जातंय आणि बाई पान उलटतायत. बावीस वर्षांच्या संसारात माझा लेख वाचताना हिने दुधाचा एक थेंब सांडू दिलेला नाही.
गुन्हेगारीच्या उदात्तीकरणाने समाज कसा पोखरला जातो ते तिला समजावून सांगितलं. ती म्हणाली, जरा सरका, उजेड अडतोय.

१६ फेब्रुवारी
आमच्या जेल रोडच्या वाचनालयात पुस्तक निवड समितीची सभा. मी सदस्य आहे. निमसेची पुस्तकं काढून टाका, असा ठराव मांडला. पंचवीस मिनिटं बोललो. ठराव सहा विरुद्ध एक असा पडला. शिवाय 'बंदराचा वाघ'च्या आणखी तीन प्रती घ्यायचं ठरलं. वेटिंग लिस्ट मोठी आहे म्हणे.
सत्याचा मार्ग एकाकी असतो.

१७ फेब्रुवारी
शत्रूचा अभ्यास हवा म्हणून 'बंदराचा वाघ' घेतला. समिती सदस्याला वेटिंग लिस्ट लागू नाही.

२ मार्च
अभ्यास चालू. आज जेवायला दोनदा हाक मारावी लागली. लखनभाई गोदीत एकटा तेरा जणांना सामोरा जातो तो भाग तीनदा वाचला. तपासणीसाठी.
वाचनालयातून चिठ्ठी आली, पुस्तक परत करा, स्वतः सदस्य असून वगैरे. चिठ्ठी मीनाने वाचली. घडी करून माझ्या ताटाशेजारी ठेवली.

४ मार्च
मोठा निर्णय. वाचनालयाच्या मे महिन्याच्या व्याख्यानमालेत एक दिवस रिकामा आहे. मी बोलणार. विषय : 'गुन्हेगारीचे उदात्तीकरण : एक सामाजिक धोका'. वेळ चाळीस मिनिटं.
आणि मीना पहिल्या रांगेत बसणार. आजवर माझ्या एकाही भाषणाला ती आलेली नाही. घरी ऐकते तेवढं पुरे, असं तिचं म्हणणं असतं. यंदा ती ऐकेल, आणि घरी जाताना म्हणेल की अहो, निमसेचं काय घेऊन बसले होते मी. एवढं वाक्य मिळालं तर बाकी काही नको. हे इथेच लिहितो, बोलून दाखवणार नाही.

१० मार्च
पुरावा सापडला. जिवंत. सायखेड्याला झुंबर नावाचा गृहस्थ राहतो. हा मुंबईच्या टोळीत होता, मग नाशिकरोडला येऊन टपऱ्यांकडून हप्ता घ्यायचा, मग सहा वर्षं आत. खरा गुंड कसा असतो ते निमसेच्या वाचकांना याच्यावरून कळेल.
एसटीने गेलो. झुंबर ओट्यावर. मधुमेह, एक पाय सुजलेला, बिनसाखरेचा चहा. उशाशी 'बंदराचा वाघ'. ही माझीच गोष्ट आहे म्हणाला, फक्त माणसं कमी मारलीत. मला लेखकसाहेब म्हणाला. माणूस वाईट नाही.
मग एक किस्सा सांगितला. हप्ता चुकवला म्हणून एका रसवाल्याचा हात उसाच्या चरकात घातला. त्यानंतर स्टेशन रोडवर कुणी मान वर केली नाही. सांगताना आवाज असा खाली आणला की अंगावर काटा आला. भाषणात वापरणे.
त्याची बायको बायडाबाई भाकरी थापत होती. ती मध्येच म्हणाली, "मुंबईत हे गाडी चालवायचे फकस्त. आन त्या रसवाल्याचं लेकरू हाय अजून, नाशिकरोड टेसनासमोर. लेखक हायेत ना तुम्ही? मंग त्याला बी इचारा."
तिला विषयाचा आवाका कळत नाही.

१२ मार्च
रसवाल्याचा मुलगा म्हणजे स्टेशनसमोरचा आपला पुंजा असणार. ऑफिसातून येताना रोज त्याच्याकडेच रस पितो. अर्धा ग्लास, बर्फ नाही. विचारायचं ठरवलं होतं, पण गर्दी होती.

२० मार्च
पुंजाला विचारायचं राहिलं. रस प्यायलो.

२६ मार्च
मसुदा, पहिला खर्डा. सुरुवात आकडेवारीने केली होती. मीनाला वाचून दाखवला. दुसऱ्या पानाला ती मटार सोलायला उठली. मार्चअखेरीस घरात मटार नव्हते.
सुरुवात झुंबरने करावी. लोक आत आले की मग आकडेवारी.

७ एप्रिल
पुन्हा सायखेडा. झुंबरला व्यासपीठावर आणायचं नक्की केलं. प्रत्यक्ष धोका समोर बसलेला पाहिजे. मधुमेहाबद्दल बोलायचं नाही असं त्याला सांगितलं. गाडी चालवण्याबद्दलही नको, त्याने परिणाम पातळ होतो. बायडाबाईने विचारलं, त्या पोराकडं गेले का. कामाचा ताण सांगितला.

१९ एप्रिल
आकडेवारी काढून टाकली. वेळ फार खाते. समाजावरील दुष्परिणाम आता शेवटच्या पाच मिनिटांत. झुंबर पस्तीस.
हे उदात्तीकरण नाही. माझं झुंबरचं वर्णन आतून टीकात्मक आहे. समजणाऱ्याला समजेल.

२ मे
निमसेला निमंत्रण दिलं. तो नाराज होईल असं वाटलं होतं. मनापासून आनंद झाला त्याला. कुणीतरी हे बोलायलाच हवं म्हणाला. अशा माणसाशी भांडताही येत नाही.
पुंजालाही पत्रिका दिली. खुर्च्या भरायला हव्यात. त्याने विषय वाचला, घडी करून खिशात ठेवली. वडिलांचं विचारणार होतो, पण माझी बस आली.

११ मे, शनिवार, दुपारी ४
झुंबर बायडाबाईबरोबर आला तो पायजमा, टायरची चप्पल आणि हातात औषधांची पिशवी अशा अवतारात. असा माणूस बघून कुणाला भय वाटणार? माझा पांढरा सफारी त्याला दिला. निळा चष्मा शेजाऱ्यांकडून आणला. श्रोत्यांना भय वाटलं तरच धोका कळेल. मीना दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, हा तर हुबेहूब लखनभाई झाला. मी म्हटलं, अगदी तेच दाखवायचं आहे.
मीना येते आहे. पहिल्या रांगेत.

११ मे, रात्री
विजय. निदान पहिली अडतीस मिनिटं.
दोनशे माणसं. मी बोललो आणि कुणी खोकलंसुद्धा नाही. मीना पुढे झुकून ऐकत होती, हात मांडीवर तसाच. बावीस वर्षांत असं झालं नव्हतं. म्हणून मग मी थोडं वाढवलं. हप्ता घेणाऱ्या झुंबरला मी नाशिकरोडचा अनभिषिक्त राजा म्हटलं. मुंबईतल्या दोन चकमकी घातल्या. मग चरकाचा किस्सा. आवाज खाली आणला, थांबलो, झुंबरकडे बोट केलं. मागून कुणीतरी शिट्टी वाजवली. मग टाळ्या. झुंबरने उठून हात वर केला.
टाळ्या थांबल्यावर पुंजा उभा राहिला. प्रश्न आहे का, विचारलं. तो म्हणाला प्रश्न नाय.
"तो हात माझ्या बापाचा होता, सर. बुधा नाव त्याचं. पुढं डाव्या हातानं जेवायला शिकला, सहा महिने लागले. मी घास भरवायचो तर लाजायचा." मग म्हणाला, "तुम्ही लय भारी सांगितलं. मला म्हाईत असून बी वाटलं, आता पुढं काय होतंय. टाळी वाजवायला माझे बी हात वर आले होते."
आणि खाली बसला. खुर्चीचा आवाजही झाला नाही त्याच्या.
दुष्परिणामांची पाच मिनिटं शिल्लक होती. बोललो. माईक चालू असावा.
बायकांच्या बाजूने बायडाबाई उठली आणि झुंबरला दंडाला धरून खाली उतरवलं. तरीही दाराशी चार-पाच पोरांनी 'बंदराचा वाघ' पुढे करून त्याची सही घेतलीच.
घरी जाताना मीना रस्ताभर माझ्या पुढे चालत राहिली.

१२ मे
विश्लेषण. चूक विषयाची नव्हती. प्रश्नोत्तरांची वेळ संयोजकांनी आधी जाहीर करायला हवी होती.
सफारी परत आलेला नाही.

१३ मे
रस प्यायला गेलो नाही. उकाडाही कमी होता.

१५ मे
निमसे दोन दिवस रजेवर होता. आज आला आणि म्हणाला, लखनभाई बंद. आठवी कादंबरी अर्धी झाली होती, ती प्रकाशकाकडून परत मागवली. रोज संध्याकाळी पुंजाकडे जाऊन बसतो. वडिलांबद्दल विचारतो, लिहून घेतो. डोळे भरून आले होते त्याचे. तुमच्या भाषणामुळे डोळे उघडले, बोराडेसाहेब, म्हणाला.
सहा वर्षं मी या माणसाने सुधारावं म्हणून बोललो. आता तो माझ्या डोळ्यांदेखत सुधारला तर मला झोप येईना. पश्चात्तापसुद्धा याला आधी व्हावा? भाषण माझं होतं.
हा हेवा आहे. आज नोंद म्हणून नाही.

२३ मे
मीना पुंजाच्या घरी जाऊन आली. त्याच्या आईला भेटली. मला नेलं नाही, मी येतो असं म्हणालोही नाही. परत आल्यावर तिने एकच विचारलं. बायडाबाईने तुम्हाला त्या मुलाचं मार्चमध्येच सांगितलं होतं ना?
हो म्हटलं.
मग दोन महिने काय केलं?
रोज रस प्यायलो, असं म्हणवेना. भाषणात बसत नव्हतं म्हणालो. ते खोटं नाही. खरोखरच बसत नव्हतं. झुंबरबद्दल ऐकताना मला कधी कंटाळा आला नाही. बुधाचं नाव मात्र मी विचारलंसुद्धा नव्हतं. डाव्या हाताने जेवायला शिकणाऱ्या माणसाचं पस्तीस मिनिटं काय सांगणार, असं वाटलं होतं.

२ जून
समितीची सभा. जुलैत खास कार्यक्रम. पुंजा आपल्या वडिलांबद्दल बोलणार. अध्यक्ष : जयराम निमसे. ठराव एकमताने, मीही हात वर केला. आभारप्रदर्शन : स. ना. बोराडे. वेळ दोन मिनिटं.
सोळा वर्षांची सेवा, तीन लेख, एक व्याख्यान, आणि आभार.

३ जून
मीना कार्यक्रमाला येणार आहे. आधीच सांगितलं, पुंजासाठी.
दोन मिनिटांत मी काय बोलावं, असं तिलाच विचारलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा विचारलं. ती भांडी लावत होती. हात पुसून माझ्यासमोर येऊन बसली. म्हणाली, "माफी मागा. दोन मिनिटं पुरतात."

३ जून, संध्याकाळी
आभाराचा मसुदा करायला बसलो. सुरुवात समाजापासून केली. चार पानं झाली. माफी अजून यायची आहे.