पुदिन्याच्या तीन कुंड्या

दादा,

मला कामाला निघायला उशीर झालाय, म्हणून तुला उठवत नाही. आजपासून आईचा पुदिना तू बघ. बारा महिने तिने तो खिडकीत हिरवा राखला, पण हल्ली पाणी घातलेलं तिला आठवत नाही, आणि ती दिवसातून सात-आठ वेळा घालते. म्हणून मी एकसारख्या तीन कुंड्या केल्यात. दुपारी तिचा डोळा लागला की खिडकीतली ओली कुंडी गच्चीवर ने आणि तिथली कोरडी आणून ठेव. एकीची मुळं कुजलीच आहेत, तिचं आता काही होणार नाही.

पानं तिलाच खुडू दे. नखाने शेंडा कसा खुडायचा, ते तिचे हात अजून विसरले नाहीत.

"पाणी घातलं का रे?" असं तिने विचारलं तर "नाही" म्हण. जिवावर येईल, तरी म्हण. काल मी वैतागून ओरडले, "घातलंस गं, पाच वेळा घातलंस!" तिने झारी खाली ठेवली आणि हळूच विचारलं, "मग आता मी काय करू?"

मी झारी भरून परत तिच्या हातात दिली.

— धाकटी