हातचं राखून दिलेले गुण

३ मार्च

ति. दादास,
सा. न. वि. वि.

बाबांचा खोकला कमी झाल्याचं वाचून बरं वाटलं. वहिनीला सांग, तिने विणलेला स्वेटर घालूनच मी वॉर्डात फिरते आणि फुशारकी मारते.

दादा, मला मन खातंय. आमच्या मेडिकल कॉलेजात सर्जरी शिकायच्या एका जागेसाठी मुलाखती झाल्या. तुला ठाऊकच आहे, विभागात सगळे सर्जन गोरे, मी एकटी सावळी. दारातल्या भिंतीवर सगळ्यांचे फोटो आहेत, त्यातला माझा फोटो आमचे विभागप्रमुख येणाऱ्या पाहुण्यांना हटकून दाखवतात. या वेळी निवड समितीवरही मला घेतलं.

शेवटी आली ती मुलगी माझ्याच रंगाची. टाक्यांच्या गाठी मारायला सांगितल्या, तर तिची बोटं अशी चालली की बघत राहावं. सगळ्यांत सरस होती. आणि मीच तिला कमी गुण दिले. आपल्यातलीला झुकतं माप दिलं, असं कुणी म्हणायला नको म्हणून! बाकीच्यांनी चांगले दिले होते. माझ्यामुळे ती दुसरी आली. यादी महिनाअखेरीस लागेल. मला स्वतःची लाज वाटते रे.

बाबांना नमस्कार. रागावलास तरी पत्र मात्र लिही.
तुझी,
सुई

११ मार्च

चि. सुईस,
अनेक आशीर्वाद.

वहिनी खूश आहे, दुसरा स्वेटर सुरू झालाय. आता तुझी सुटका नाही.

तू अगदी बाबांवर गेलीस. त्यांच्याच वर्गात तू होतीस, आणि मास्तरांची मुलगी म्हणून ते तुझे गुण कापायचे. तू माळ्यावर जाऊन रडायचीस, मी खाली शिडी धरून उभा. नाव राहिलं बाबांचं, भुर्दंड तुला.

तुझं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं. ते त्यांनी हातात घेऊन पुन्हा स्वतः वाचलं. मग म्हणाले, तिला कळव, माझं चुकलं होतं. तिने तरी वेळेत सुधारावं. बाबांनी चूक कबूल केली, मी खुर्चीतून पडायचाच राहिलो!

तेव्हा प्रमुखांकडे जा आणि सरळ सांग. नाक कापलं गेलंच तर शिवायला तू आहेसच.

आमची सगळ्यांची माया आहेच, ती गृहीत धर.
तुझा,
दादा

२ एप्रिल

ति. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं त्याच दिवशी प्रमुखांकडे गेले. खरं कारण सांगितलं. ते म्हणाले, तुमच्या निःपक्षपातीपणाचं तर आम्हाला कौतुक वाटलं होतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण गुण सुधारले, समितीनेही मान्य केलं, आणि जागा तिची झाली.

बातमी द्यायला मी स्वतः तिच्या खोलीवर गेले. काही न लपवता सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, चहा केला, कप माझ्या हातात दिला. मग म्हणाली, भिंतीवर तुमचा फोटो पाहूनच मी अर्ज केला होता. मुलाखतीत तुमच्याकडे बघूनच धीर धरला होता. इतक्या वर्षांनंतर तुम्ही अजून इतक्या भीत असाल, तर मला तिथे उभं आयुष्य काढायचं नाही. मी पुष्कळ विनवलं. तिने जागा नाकारली. आवाजसुद्धा चढवला नाही दादा, तो चढवला असता तर सोसलं असतं.

हे पत्र बाबांना वाचून दाखवू नकोस. त्यांना एवढंच सांग, त्या मुलीला जागा मिळाली.

तू तरी माझ्यावरची माया कमी करू नकोस.
तुझी,
सुई