हाताला येतं, डोळ्याला नाही

४ सप्टें.
पुन्हा लिहायला बसले. हात सरसर चालतो, पण कालचं पान उघडलं तर एक अक्षर लागत नाही. माझंच अक्षर! डॉ. म्हणतात, पक्षाघाताच्या त्या झटक्यात मेंदूतली वाचायची वाट तुटली, लिहायची शाबूत आहे. आई घिवलीहून फोनवर, "गो, लिवता येतंय नि वाचता नाय? कायतरीच तुजं!" तिला काय सांगू, मला तरी कुठे पटतंय.

७ सप्टें.
युक्ती सापडली! नुसतं बघायचं नाही, अक्षर बोटाने गिरवायचं. पेपरातल्या मथळ्यावर बोट फिरवलं. पा... णी... बं... द. पाणी बंद! आनंदाने ओरडलेच. हे म्हणाले, "अगं, मग आधी बादल्या भर."
एक ओळ व्हायला चहा थंड होतो. पण होते.

९ सप्टें.
आजारपणानंतर पुन्हा रुजू झाले. कंपनीत कोणाला सांगितलं नाही. पॅकिंगची सकाळची शिफ्ट माझ्याकडे, न वाचणारी सुपरवायझर कोण ठेवील? आकडे कळतात तेवढं नशीब. हे म्हणतात सांगून टाक. म्हणे सांगून टाक! यांचं काय जातंय.
कामाआधी सगळ्यांना रांगेत उभं करून सुरक्षेची शपथ वाचायची असते. कागद धरला नि पाठ होतं ते धडाधडा म्हटलं. खपून गेलं. पण दिवसभर जीव थाऱ्यावर नव्हता.

११ सप्टें., संध्याकाळ
घोळ. महाघोळ. सकाळी साहेबांनी कागद हातात दिला, मी आपली नेहमीची शपथ म्हटली. सगळे हात पुढे करून माझ्यामागून म्हणत होते, कोणाला काही खटकलं नाही. कागद पर्समधून घरी आला. आता बोटाने गिरवला. ती शपथ नव्हतीच. गॅसगळती झाली तर जुन्या गेटापाशी जमू नका, पाण्याच्या टाकीकडे या...
आणि माझी माणसं जुन्या गेटाकडेच पळतील! आज काही झालं असतं तर? आमची शिफ्ट आता उद्या सकाळीच, म्हणून श्वास तरी घेते आहे. जेवण गेलं नाही.
हे म्हणाले, "आण, मी वाचतो. पाठ कर नि म्हण. कोणाला कळतंय?"
पाठांतरानेच तर घात केला ना.

१२ सप्टें., सकाळी
रात्री यांनी वाचून दाखवलाच कागद, ऐकून पाठ झालंय तरी. मेलं डोकं, नको तिथे तल्लख! टाकीची जागा काही चुकणार नाही. पण पुढचा कागद? त्याच्या पुढचा? रोज काय यांना पर्समध्ये घालून नेऊ?
नाही. सगळ्यांसमोर बोट फिरवत वाचायचं. हसले तर हसले. साहेब ठेवोत नाहीतर काढोत... काढलं तर, बाई गं, या वयात दुसरीकडे कोण घेणार.
सुरुवातीचं वाक्य तेवढं घोकते आहे: "थांबा, मला वाचायला वेळ लागतो." इथे लिहिलंय खरं, पण तिथे रांगेसमोर वही उघडून काय उपयोग.
बसचा हॉर्न वाजतोय. हे विचारतायत, "काय ठरलं?"
चप्पल घालते आहे.